आधी बोली, मग पाटी : बालशिक्षणाच्या इतिहासातील एक धडा

मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी सूचना चिटणीसांकडून आली, तेव्हा विषय कोणता घ्यावा या विचारात आमचे दोन-तीन दिवस गेले. स्मरणिकेच्या पानांतून आजवर कुळांचे, कुलदैवतांचे आणि ज्ञातीतील कर्तबगार स्त्रीपुरुषांचे पुष्कळ वृत्तान्त आले आहेत. ते लिहिणारांचा अधिकारही आमच्याहून मोठा आहे. आम्ही एस. एस. सी. झालेले, म्हणजे जुन्या भाषेत मॅट्रिक. त्यापुढे अध्यापक विद्यालयाची दोन वर्षे काढून सन १९८० पासून अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजविलेले एक सामान्य शिक्षक. पहिलीच्या वर्गापलीकडचे जग आम्हांस फारसे ठाऊक नाही. तेव्हा त्या वर्गातील मूल वाचावयास कसे शिकते, आणि आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळी ते कसे शिकत असे, एवढाच इतिहास ज्ञातिबंधुभगिनींच्या सेवेशी सादर करावा असे योजिले आहे.

जुन्या पंतोजींच्या शाळेचे वर्णन आपल्यापैकी वृद्धांनी आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकले असेल. ओसरीवर किंवा देवळाच्या पडवीत मुले ओळीने बसत. पुढ्यात धूळपाटी. त्या धुळीत बोटाने किंवा काडीने पहिली अक्षरे गिरवावयाची ती ‘ओ ना मा सी धं’. हे मूळचे ‘ॐ नमः सिद्धम्’. पण मुलांच्या तोंडी त्याचा असा अपभ्रंश झाला होता, आणि त्याचा अर्थ बहुधा मुलास ठाऊक नसे. मग बाराखडी, मग पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी; संध्याकाळी परवचा. पुढे बालबोध आणि मोडी अशी दोन्ही वळणे घोटावयाची. गोष्ट सांगणे, मुलास बोलते करणे, त्याने काय पाहिले हे विचारणे, यांपैकी काही या शाळेत नव्हते. शिवाय त्या शाळेचे दार सर्वांस उघडे नव्हते, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मुलींस आणि कित्येक जातींच्या मुलांस ते बंदच होते. सन १८४८ मध्ये पुण्यास जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा त्यांस केवढा विरोध सोसावा लागला हे सर्वश्रुत आहे.

अर्थाशिवाय अक्षर घोटविणारी ही शाळा, आणि तरीही तिच्यातून बाहेर पडलेले लोक उत्तम लिहीत, वाचीत, कीर्तनात आख्यान समजून घेत. हे कसे घडले? याचे उत्तर शाळेत शोधून सापडावयाचे नाही; ते घरात आहे. पहाटे जात्यावर ओव्या चालत, आणि आईच्या मांडीवर डोके ठेवून पडलेले मूल त्या ऐके. सकाळी भूपाळी, श्रावणात कहाण्या, भाद्रपद-आश्विनात भोंडल्याची गाणी, रात्री आजीच्या गोष्टी आणि उखाणे; पारावर वडील माणसांचे वाद, बाजारातून आलेल्या माणसाने सांगितलेली हकीकत. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’ या ग्रंथात अशा ओव्या गोळा केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या टिपून घेतल्या. त्या गाणाऱ्या बहुतेक बायांस अक्षरओळख नव्हती. पण त्यांच्या मांडीवर वाढलेले मूल पंतोजींसमोर बसले, तेव्हा त्याच्या कानात हजारो शब्द घर करून होते. म्हणजे असे की, जुन्या शाळेने अर्धेच शिकविले, कारण उरलेले अर्धे घराने आधीच शिकविलेले असे. शाळेने फक्त अक्षरे दिली. अक्षरांत भरावयाची भाषा घरची होती. ही विभागणी कोणी ठरवून केलेली नव्हती, म्हणून ती मोडली तेव्हा कोणाच्या ध्यानातही आले नाही.

वाचनास बोलण्याचा एवढा आधार का लागतो, असे कोणी विचारील. आमच्या वर्गातील दोन-चार उदाहरणे सांगतो. आपल्या भाषेत ‘जरा’ हा शब्द घ्या. ‘जरा थांब’ यातील जरा निराळा उच्चारावा लागतो आणि ‘जरा-मरण’ यातील जरा निराळा. लिहिण्यात मात्र दोन्ही एकच. आजीच्या गोष्टीतील ‘चांदोबा’ आणि पुस्तकातील ‘चंद्र’ यांच्या आरंभी एकच च आहे, पण जीभ त्यांस वेगळी लागते. ‘कमळ’ या शब्दात तीन पूर्ण अक्षरे छापलेली असतात, पण शेवटचा ळ आपण अर्धवटच सोडून देतो. हे भेद कागदावर कोठेही दाखविलेले नाहीत. ते वाचणाऱ्याच्या कानात असावे लागतात. ज्याने शब्द शंभरदा ऐकला आहे, तो पहिली दोन अक्षरे जुळविताच तिसऱ्यावर उडी घेतो. ज्याने ऐकलेला नाही, तो तिन्ही अक्षरे अचूक उच्चारूनही तसाच गोंधळलेला राहतो. त्यातून आपली लिपी मुलाकडून श्रम मागणारी. चौतीस व्यंजनांस बारा स्वरचिन्हांनी गुणिले म्हणजे बाराखडीची चारशे आठ रूपे होतात; जोडाक्षरे वेगळीच. एवढा डोंगर केवळ पाठांतराच्या बळावर चढणे म्हणजे लहान मुलास शिक्षा होय. ओळखीचे शब्द हाताशी असले म्हणजे तोच चढ सोपा होतो.

हे सत्य ज्यांनी प्रथम ओळखून शाळेत आणले, त्यांचा इतिहास आपल्या घराघरांत माहीत असावयास हवा. इटलीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी सन १९०७ मध्ये रोम शहरातील गरीब वस्तीत बालगृह उघडले. त्यांच्या ग्रंथांचा परिणाम होऊन गुजरातेत भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी सन १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. गिजुभाई मूळचे वकील. वकिली सोडून ते दक्षिणामूर्ती संस्थेत शिक्षक झाले, आणि मुलांमध्ये असे रमले की लोक त्यांस ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशावाली आई, म्हणू लागले. त्यांनी मुलांस गोष्टी सांगितल्या, लोककथा गोळा करून मुलांच्या भाषेत लिहिल्या, आणि गोष्ट कशी सांगावी यावर स्वतंत्र ग्रंथही रचिला. गोष्ट ही करमणूक म्हणून शेवटच्या तासाला ढकलून देण्याची वस्तू नव्हे, तिनेच मुलाचे शिक्षण सुरू होते, हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला शिक्षक आपल्या दंगेखोर वर्गास पुस्तकाने जिंकीत नाही, गोष्टीने जिंकतो.

या भावनगरच्या कार्यात एक मराठी विदुषी सामील झाल्या, त्या ताराबाई मोडक. त्यांचा जन्म मुंबईचा, सन १८९२ चा. पदवीपर्यंत शिक्षण झालेले. राजकोट येथील अध्यापिका विद्यालयातील अधिकाराची जागा सोडून त्या गिजुभाईंच्या बालमंदिरात आल्या. सन १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, आणि ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकातून आईबापांस व शिक्षकांस नवे विचार समजावून दिले. पुढे ताराबाई मुंबईस परतल्या. सन १९३६ मध्ये दादर येथे त्यांनी शिशुविहार काढले. तेथपर्यंत हे शिक्षण शहरातल्या सुस्थित घरांचे होते. माँटेसरीबाईंची लाकडी साधने महाग, आणि ती परवडणाऱ्या घरांतच मुलांस गोष्टी सांगावयास फुरसत. ज्यांस या शिक्षणाची अधिक गरज, ती मुले त्यापासून दूरच राहिली होती. ही खंत ताराबाईंस स्वस्थ बसू देईना.

सन १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी गावी (आज हा भाग पालघर जिल्ह्यात येतो) ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्या मदतीस आल्या अनुताई वाघ. अनुताई मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न आणि सहाच महिन्यांत वैधव्य. त्यातून धैर्याने शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या. या दोघींनी हरिजन वस्तीतील मुलांच्या दारात बालवाडी भरविली. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, चिंचोके, पाने, खडे आले. मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडीने मुलांच्या अंगणात जावे, या विचारातून ‘अंगणवाडी’ जन्मास आली. सन १९५७ मध्ये हे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सान्निध्यात गेले. तेथील मोठी मुले गुरे राखावयास जात. म्हणून शिक्षकच कुरणात गेले आणि ‘कुरणशाळा’ भरली. गाणी, गोष्टी, अभिनय, निसर्गातल्या वस्तूंविषयी गप्पा हे या शाळांच्या दिनक्रमाचे अंग होते. ज्या घरी छापील कागद कधी आला नाही, त्या घरच्या मुलापुढे एकदम पाटी ठेवून भागत नाही. आधी त्याने निर्भयपणे आपल्याशी बोलले पाहिजे, आणि त्यासाठी आपण त्याच्या बोलीस कान दिला पाहिजे. ताराबाईंस सन १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, अनुताईंस सन १९८५ मध्ये पद्मश्री. ताराबाई सन १९७३ मध्ये आणि अनुताई सन १९९२ मध्ये निवर्तल्या. भारत सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांस आज देशभर जे अंगणवाडी हे नाव आहे, ते बोर्डीच्या या अंगणातले आहे, याचा मराठी माणसास सार्थ अभिमान वाटावा.

आता या इतिहासाच्या उजेडात आमचा स्वतःचा एक अपराध सांगणे प्राप्त आहे. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आम्ही डोंगराकडेच्या एका खेड्यात पहिलीचा वर्ग घेत होतो. वर्गात धनगरवाड्यावरचा एक मुलगा होता. पहिल्याच आठवड्यात तो उभा राहून मोठ्या उत्साहाने सांगू लागला, “गुर्जी, आमच्या वाड्यावर काल लांडगा आला व्हता.” आम्ही त्यास मध्येच थांबवून म्हणालो, “व्हता नव्हे, होता म्हण.” त्याने तसे म्हटले. पुढच्या वाक्यात पुन्हा अडविले. तिसऱ्या वाक्यास तो खाली बसला. लांडग्याचे काय झाले, हे आम्ही विचारलेच नाही. त्यानंतर वर्षभर त्या मुलाने आपण होऊन एक शब्द उच्चारला नाही, आणि आम्ही तपासणी अधिकाऱ्यांस सांगत राहिलो की मुलगा मंद आहे. दुसरीत असताना त्याने शाळा सोडली. पुढे पंधरा-सोळा वर्षांनी आठवड्याच्या बाजारात तो आम्हांस भेटला. बकरी विकताना गिऱ्हाइकाशी अशा ओघवत्या भाषेत बोलत होता की आम्ही ऐकतच राहिलो. आम्हांस ओळखून त्याने वाकून नमस्कार केला, आणि म्हणाला, “गुर्जी, मला वाचाया तेवढं आलं न्हाई.” यात दोष त्याचा नव्हता, त्याच्या घराचाही नव्हता. घराने त्यास भाषेची भरली कणगी देऊन पाठविले होते. ती आम्ही दारातच उतरवून ठेविली. अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक आमच्या हाती आले ते त्यानंतर. ते आधी वाचले असते तर, असे आजही वाटते.

ही झाली शाळेने घराचा अव्हेर केल्याची गोष्ट. आज आपल्या ज्ञातीच्या घरांत दुसरेच संकट उभे आहे, आणि तेही आम्ही परघरचे सांगत नाही. आमचा नातू पाच वर्षांचा. त्याचे आईवडील दोघेही पुण्यास नोकरी करतात. दिवाळीत तो आला तेव्हा त्यास इंग्रजीची सव्वीस अक्षरे, मराठीची मुळाक्षरे आणि शंभरापर्यंत अंक येत होते. आम्हांस धन्यता वाटली. मग विचारले, “शाळेत काय केलंस रे?” तो म्हणाला, “ते केलं.” “ते म्हणजे काय?” “ते... तसलं.” यापुढे त्यास काही सांगता येईना, मोबाइल मागून घेऊन तो कोपऱ्यात जाऊन बसला. आणि तो मोबाइल त्याच्या हाती देणारे आम्हीच होतो, कारण आम्हांस वर्तमानपत्र वाचावयाचे होते. रात्री आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, पोराला अक्षरं आली, पण सांगायला त्याच्यापाशी काही नाही.” आमच्या अडतीस वर्षांच्या नोकरीचे सार त्यांनी एका वाक्यात सांगितले.

जाते गेले आणि गिरणी आली, यात वाईट काही नाही. जात्याचे कष्ट बायांनाच ठाऊक. पण जात्याबरोबर ओवी गेली. एकत्र घरे सुटली, त्यांबरोबर आजी गेली. आईबाप थकून येतात. जेवणाच्या पंगतीत पूर्वी जेथे गप्पा चालत तेथे आता मोबाइलचा पडदा बोलतो, आणि पडदा बोलतो तरी मुलाचे ऐकत नाही. घराने आपला अर्धा वाटा सोडून दिला. आणि शाळा मात्र पंतोजींच्या काळाप्रमाणे अक्षरांपासूनच आरंभ करते, तेही आता तिसऱ्याच वर्षी. मग मुलास भाषा द्यावयाची कोणी? ताराबाईंनी दाखविलेली वाट नवी राष्ट्रीय धोरणेही मान्य करतात. सन २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला, आणि शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा माध्यम असावी असे सांगितले. सन २०२१ मध्ये निघालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलास समजून वाचता यावे हे ध्येय ठेविले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या मराठीस अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. तथापि धोरण कागदावर असते आणि भाषा तोंडात. कोणते माध्यम निवडावे हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. आम्ही त्यात बोट घालीत नाही. परंतु जे मूल एका भाषेत नीट सांगावयास शिकले, त्यास दुसरी भाषाही सुलभ जाते, आणि ज्यास कोणत्याच भाषेत सांगता येत नाही त्यास दोन लिप्यांची अक्षरे येऊन काय उपयोग?

उन्हाळ्याच्या सुटीत नातू महिनाभर आमच्याकडे राहिला. जेवताना मोबाइल कोणीही हाती धरावयाचा नाही, असे आम्ही ठरविले, आणि त्यात सर्वांत जड गेले ते आम्हांसच. गच्चीवर पापड वाळत घातले होते. आजीने नातवास कावळे हाकलण्याच्या कामावर नेमिले, आणि खाली येऊन वर्दी द्यावयाची असा नियम केला. पहिल्या दिवशीची वर्दी दोन शब्दांची : “कावळा आला.” आजी विचारी, “कुठून आला? कुठं बसला? तू काय केलंस?” तिने चूक एकही काढली नाही. महिनाअखेरीस एके दुपारी तो धावत आला आणि एका दमात म्हणाला, “आजी, कावळा आला, पण मी काठी घेतल्यावर पळाला, आणि मग आंब्यावर बसून माझ्याकडेच बघत राहिला!” आम्ही ते वाक्य जसेच्या तसे पाटीवर लिहून त्याच्यासमोर ठेविले. तो बोट ठेवून वाचू लागला. ‘आंब्यावर’ या शब्दातले जोडाक्षर त्यास शाळेत अजून शिकविलेले नव्हते. क्षणभर बोट थांबले, आणि पुढच्याच क्षणी तो ‘आंब्यावर’ म्हणून पुढे गेला. शब्द त्याचा स्वतःचाच होता, म्हणून अक्षर त्यास अडवू शकले नाही. चाळीस वर्षांपूर्वी धनगरवाड्यावरच्या त्या मुलाचे ‘आमच्या वाड्यावर काल लांडगा आला व्हता’ हे वाक्य आम्ही असेच फळ्यावर लिहिले असते, तर तेच त्याचे पहिले वाचन झाले असते.

शेवटी आपल्या मंडळास आणि कुटुंबांस तीन नम्र सूचना. पहिली, घरातील मूल बोलत असता त्याचे वाक्य पुरे होऊ द्यावे. चूक सुधारण्यापूर्वी ‘मग काय झाले?’ असे विचारावे. दुसरी, दिवसातून एक गोष्ट त्यास सांगावी किंवा पुस्तक मांडीवर घेऊन वाचून दाखवावी. त्याने तीच गोष्ट दहादा मागितली तर दहादा सांगावी. तिसरी मंडळासाठी. आपले सभागृह आठवड्यातील बहुतेक दिवस कुलूपबंद असते. रविवारी सकाळी तासभर ते उघडून आपल्यातील निवृत्त आजी-आजोबांनी लहान मुलांस गोष्टी सांगाव्यात. यास ना देणगी लागते, ना ठराव. आणि वार्षिक गुणगौरवात टक्केवारीच्या बक्षिसांबरोबर एक बक्षीस असे ठेवावे की, जे बालक आपल्या आजीकडून ऐकलेली गोष्ट सभेत उभे राहून आपल्या शब्दांत सांगेल, त्यास ते द्यावे.

गोष्टीच्या पहिल्या रविवारी चटया अंथरावयास आणि पहिली गोष्ट सांगावयास आम्ही हजर राहू. लांडग्याची एक गोष्ट आमच्याकडे अपुरी आहे. तिचा शेवट काय झाला असेल, हे मुलांनाच विचारावे असा आमचा विचार आहे. सर्व बालकांस उदंड आयुष्य आणि उदंड शब्द लाभोत, ही कुलदैवताच्या चरणी प्रार्थना करून लेखणी खाली ठेवितो.